ठिबक बसवलं, टनेज वाढलं, वाटेकऱ्याचा वाटा मात्र होता तिथंच. पाडव्याला काय बोली करू?

सीनाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मोहोळ तालुक्यात सीनेच्या काठाला आमची ५ एकर जमीन आहे. मी नोकरीमुळं सोलापुरात राहतो. शेत ११ वर्षांपासून तात्या करतात. तात्या म्हणजे आमचे वाटेकरी. नात्यातले नाहीत, पण वडिलांच्या बरोबरीचे, म्हणून घरात सगळे तात्याच म्हणतात. बोली निम्म्या वाट्याची होती. बियाणं, खत, औषध निम्मं-निम्मं, नांगरट आमची, बाकी सगळे कष्ट त्यांचे.

तीन वर्षांपूर्वी ३ एकर उसाला ठिबक बसवलं. पैसे मी घातले म्हणून त्या पाडव्याला बोली बदलली. तात्यांना तिसरा हिस्सा, खतातही त्यांचा तिसराच भाग. तेव्हा ते काही बोलले नाहीत. पाटपाण्यावर एकरी ३६ टन निघायचा, यंदा ५४ टन निघाला. गेल्या रविवारी वजनाच्या पावत्या घेऊन आम्ही बांधावर बसलो होतो. मी खुशीत होतो. तात्या शांतपणे म्हणाले, "दादा, आधी छत्तीसचे निम्मे म्हंजी अठरा. आता चोपन्नचा तिसरा हिस्सा, अठराच. मग वाढलेला ऊस गेला कुठं?"

मी घरी येऊन तीनदा आकडेमोड केली. ते म्हणतात ते खरं आहे. एकरी १८ टन वाढले आणि ते सगळेच्या सगळे माझ्याकडं आले. मी तसं ठरवून केलं नव्हतं, पण झालं तसंच. पाडवा तीन आठवड्यांवर आलाय. शेतात वाढ होते ती नेमकी कशामुळं, आणि ती कुणाकुणात कशी वाटली जाते, हे मला नीट समजून घ्यायचंय. तुमच्याकडं कशी बोली असते तेही सांगा.

माळशिरसकर

धागा चांगला काढलात, पण स्वतःला एवढं दोषी धरू नका. जमीन तुमची, पैसा तुमचा, धोका तुमचा. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी धरण उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेलं होतं, म्हणजे वापरायचं पाणी संपून तळचा मृतसाठाही निम्म्याच्या वर उपसला गेला. कालव्याला पाळी नाही, बोअर आटले, ऊस जागेवर वाळला. त्या वर्षी ठिबकचे पैसे वाटेकऱ्यानं भरले का? आणखी एक धरा. पाटपाण्याला रात्री-अपरात्री दारं धरायला जावं लागायचं. थंडीत, विंचू-सापाच्या भीतीत. ठिबकनं तात्यांच्या त्या रात्री वाचवल्या. तोही त्यांना मिळालेला वाटाच आहे.

सीनाकाठ

रात्री वाचल्या हे खरं, आणि तात्या स्वतःही ते सांगतात. पण काम कमी झालं असं नाही, काम बदललं. फिल्टर धुणं, नळ्यांची टोकं सोडून गाळ काढणं, उंदरांनी कुरतडलेल्या लॅटरल (सरीतल्या बारीक नळ्या) जोडणं, व्हेंचुरीतून (पाण्यात खत ओढून घेणारं साधन) ठरल्या दिवशी ठरलेलं विद्राव्य खत सोडणं. पहिल्या वर्षी नळी तुंबून दोन सऱ्या पिवळ्या पडल्या. तेव्हापासून तात्या रोज सकाळी सरीसरीतून फिरून ड्रिपर तपासतात. शेजारच्या शेतात हेच ठिबक, हाच ऊस, तरी त्यांना ४२ च्या वर जाता आलं नाही. तिथं लक्ष द्यायला कुणी नाही. म्हणून मला वाटतं, १८ टनांतले काही टन नळीचे आहेत आणि काही तात्यांच्या नजरेचे.

अर्थवेध

सीनाकाठ, ठिबकला एकूण किती लागले आणि अनुदान किती मिळालं, ते सांगाल का? त्याशिवाय हिशेब होणार नाही.

सीनाकाठ

बिल १,६०,००० झालं. अनुदान १,१५,००० जमा झालं, थोडं उशिरानं. माझ्या पदरचे ४५,००० गेले.

अर्थवेध

आता बघा. नळ्या ७ वर्षं टिकतील असं धरलं तर वर्षाची झीज ६,४०० च्या आसपास. ४५,००० वर व्याज वर्षाला ५,००० धरा. म्हणजे ठिबकचा तुमच्यावरचा वर्षाचा भार साडेअकरा हजार. वाढ किती? ३ एकरांत ५४ टन. तोडणी-वाहतूक जाऊन टनाला २,८०० हातात आले असं धरलं तर १,५१,२००. त्यातून वाढीव खताचे पैसे वजा करा. तरी साडेअकरा हजारांच्या खर्चावर लाखाच्या वरची वाढ एकट्या मालकाकडं गेली.

त्यात अनुदान हा जनतेचा पैसा. सूक्ष्म सिंचनाला अल्पभूधारकाला केंद्राच्या योजनेतून ५५ टक्के मिळतात आणि राज्य भर घालून ते ८० टक्क्यांपर्यंत नेतं. तेही सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्यालाच. तात्यांचं नाव कुठंच नाही, म्हणून अनुदान नाही, पीककर्ज नाही, पीएम किसानचे वर्षाचे ६,००० नाहीत. सरकारनं वाढीसाठी घातलेला पैसा जमिनीच्या मालकीवरून वाहत जातो.

वाढ कशी होते आणि कशी वाटली जाते, या दोन गोष्टी आपण वेगळ्या समजतो. त्या तशा नाहीत. पश्चिम बंगालमध्ये १९७८ पासून 'ऑपरेशन बर्गा' राबवलं गेलं. बर्गादार म्हणजे तिथले वाटेकरी. त्यांची सरकारदरबारी नोंद झाली, नोंद असलेल्याला मनाला येईल तेव्हा काढता येईना, आणि खर्च वाटेकऱ्याचा असेल तर मालकाचा हिस्सा कायद्यानं पाव एवढाच. पुढं अभिजित बॅनर्जी, पॉल गर्टलर आणि मैत्रीश घटक यांनी २००२ साली अभ्यास प्रसिद्ध केला. नोंदणीमुळं भाताची उत्पादकता वाढल्याचं त्यांना दिसलं. बियाणं बदललं म्हणून नव्हे. वाढलेल्या पोत्यातलं किती आपल्या घरी येणार आणि पुढच्या वर्षी आपण या शेतात असणार की नाही, हे बदललं म्हणून.

चीनमध्येही १९७८ सालीच आनहुई प्रांतातल्या श्यावगांग गावात १८ कुटुंबांनी चोरून करार केला. जमीन घरागणिक वाटून घ्यायची, सरकारचा कोटा भरायचा, वरचं आपलं. माती तीच, माणसं तीच, पण पीक भरघोस वाढलं. पुढं तीच पद्धत देशभर मान्य झाली.

तात्या आज सकाळी ड्रिपर तपासतात. तिसऱ्या हिश्शावर आणखी पाच वर्षं तपासतील का?

माळशिरसकर

बंगालचं बंगालला ठेवा. आपल्याकडं वाटेकऱ्याचं नाव कागदावर घ्यायला मालक का घाबरतो? १९४८ चा कूळ कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन. त्या दिवशी कसणारी कुळं मालक झाली. माझ्या आजोबांची ११ एकर त्यात गेली. ज्यांना मिळाली त्यांनी ती सोन्यासारखी कसली, हे मी नाकारत नाही. पण तेव्हापासून आमच्या घरात शिकवण एकच, वाटेकरी दोन-तीन वर्षांच्या वर ठेवायचा नाही आणि कागद करायचा नाही. सीनाकाठनी ११ वर्षं एकच माणूस ठेवला हेच मोठं मन आहे.

अर्थवेध

तुमची भीती खोटी नाही. पण त्या भीतीची किंमत कोण भरतं बघा. दर दोन वर्षांनी माणूस बदलतो, मग कुणी शेणखत घालत नाही, ताली दुरुस्त करत नाही. जमिनीचं नुकसान तुमचंच होतं.

जुनी तिफण

मी ७४ वर्षांचा आहे, लिहायला वेळ लागतो, सांभाळून घ्या. सगळे ठिबकवर बोलताय म्हणून थोडं मागचं सांगतो.

आमच्या भागात वाढ पहिल्यांदा आली ती बियाण्यातनं. मालदांडी ३५-१ ही रब्बी ज्वारी इथल्याच गावरान मालदांडीतून मोहोळच्या केंद्रावर १९३० च्या दशकात निवडली. सोलापूरचं कोरडवाहू संशोधनही त्याच काळातलं. सरकारी खर्चानं निवडलेलं बी. शेतकऱ्यानं एकदा आणलं की घरच्या कणगीतनं पुढं चालायचं. त्याचा वाटा कुणी कंपनी मागत नव्हती, म्हणून ते लहानातल्या लहान माणसापर्यंत गेलं.

मग १९६४ ला सीएसएच-१ आलं, म्हणजे आपलं हायब्रीड. १९७२ च्या दुष्काळात मी दुष्काळी कामावर खडी फोडलीय. अमेरिकेची लाल मिलो ज्वारी खाल्लीय. त्यानंतरच्या वर्षांत खरिपाचं हायब्रीड भरपूर पिकायला लागलं. भाकरी काळपट व्हायची, चव नव्हती, जनावरंही कडबा आवडीनं खात नव्हती. बाजारात त्याला भाव मालदांडीपेक्षा कमी. पिकवणारा कुरकुरायचा. पण माझी आई रोजावर जायची आणि आठवड्याच्या बाजारातनं धान्य आणायची. त्या स्वस्त हायब्रीडनं आमच्या घरात दोन्ही वेळची चूल पेटली. ज्याला जमीन नाही त्याला धान्य विकतच घ्यावं लागतं, त्यामुळं वाढीचा वाटा त्याला भावातनं मिळतो. हे शेतकऱ्यांच्या बैठकीत कुणी बोलत नाही म्हणून मुद्दाम लिहिलं.

आणि वाढ फक्त संशोधन केंद्रातनं येते असंही नाही. नान्नजच्या नानासाहेब काळ्यांनी थॉम्सन सीडलेसच्या बागेत वेगळी दिसलेली वेल हेरली आणि सोनाका द्राक्ष केलं. पुढं त्यांनीच शरद सीडलेस आणलं. रोज बागेत फिरणाऱ्याची नजर होती ती. सीनाकाठ, तुमच्या तात्यांची नजर तुम्ही म्हणालात, त्यावरनं आठवलं.

पूर्वभाग

काका, तुमचं वाचून डोळ्यात पाणी आलं. मी सोलापुरात पूर्व भागात राहते. माझी आई ४० वर्षं विड्या वळते. हजार विड्यांची मजुरी आणि त्यातनं पानं खराब निघाली तर कपात. आमच्याकडं कांदा २० रुपये किलो झाला की आई एक किलो आणते, ६० झाला की पाव किलो. शेतकऱ्याला भाव मिळू नये असं मला कधीच वाटत नाही. पण उत्पादन वाढून धान्य-भाजी स्वस्त होते तेव्हा त्याचा फायदा फक्त बंगल्यातल्या माणसाला होतो असं नाही, एवढं लक्षात असू द्या.

आडतीवर

ताई, तुमचं बरोबर आहे. मी मार्केट यार्डात आडतीवर दिवाणजी आहे, म्हणून कांद्याची दुसरी बाजू सांगतो. हंगामात रात्रीतनं शेकडो गाड्या लागतात. कांद्याचं असं आहे की, स्वस्त झाला म्हणून माणूस दुप्पट खात नाही. त्यामुळं आवक थोडी वाढली तरी भाव धाडकन पडतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्यानं ५१२ किलो कांदा आणला. किलोला १ रुपया भाव निघाला. मोटारभाडं, हमाली, तोलाई जाऊन हातात २ रुपयांचा चेक. देशभर बातमी झाली. मी तशा पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या पावत्या, आधीही लिहिल्यात. लिहिताना हात जड होतो.

जेव्हा भाव वर जातो तेव्हा काय होतं? ऑगस्ट २०२३ ला निर्यातीवर ४० टक्के शुल्क. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदीच. मे २०२४ ला बंदी उठली, पण ४० टक्के शुल्क आणि टनाला ५५० डॉलरची किमान किंमत ठेवूनच. शुल्क पुरतं गेलं १ एप्रिल २०२५ ला. म्हणजे पडतो तेव्हा शेतकऱ्याचा, चढतो तेव्हा सगळ्यांचा. ताईंच्या आईला कांदा परवडायलाच हवा, पण त्याचा भार एकट्या कांदावाल्यानं का उचलायचा? सरकारनं वेळेवर खरेदी करून साठवावा आणि रेशनवर द्यावा.

एक चांगलं झालं तेही सांगतो. २०१६ पासून फळं-भाजीपाल्याची आडत (आडत्याचं कमिशन) शेतकऱ्याच्या पट्टीतून कापायची नाही, ती खरेदीदारानं द्यायची, असा नियम झाला. वाटपाचा नियम बदलला की लगेच शेतकऱ्याच्या हातात फरक पडतो, हे मी पट्टीवर बघितलंय.

अर्थवेध

आडतीवर यांनी जे सांगितलं, त्याचं सूत्र विलार्ड कॉक्रेन या अमेरिकी कृषी अर्थतज्ज्ञानं १९५८ साली मांडलं होतं. नवं तंत्र पहिल्यांदा घेणारा कमावतो, कारण भाव अजून जुनाच असतो आणि त्याचा खर्च उतरलेला असतो. मग बाकीचे घेतात, माल वाढतो, भाव पडतो. शेवटी घेणाऱ्याला फक्त टिकून राहण्यासाठी धावावं लागतं, आणि जो घेतच नाही त्याचं जुन्या उताऱ्यावर नव्या भावात दिवाळं निघतं. फायदा खाणाऱ्याकडं सरकतो.

ज्या मालाला लांबची गिऱ्हाइकं आहेत तिथं असं होत नाही, निदान लवकर होत नाही. आणि भाव टिकला तर वाढ अशा माणसाकडं जाते ज्याच्या हातात सहज न मिळणारी वस्तू आहे. आपल्याकडं ती बहुतेक वेळा पाण्याखालची जमीन.

करमाळकर

लांबची गिऱ्हाइकं म्हणालात म्हणून लिहितो. आमच्या कंदर भागातली केळी आज आखाती देशांत जाते. ऊतिसंवर्धित जी-९ ची रोपं, ठिबक, घडाला पिशवी, पॅकहाउस. केळीचं क्षेत्र एवढं वाढलं तरी अजून गाडी भरून जाते.

पण ही केळी कुठल्या पाण्यावर? उजनीच्या फुगवट्यावर. धरण १९८० ला पूर्ण झालं, ११७ टीएमसीचं. त्यात आमच्या आजोबांची नदीकाठची गाळाची १४ एकर गेली. चुलत आजोबांना पुनर्वसनात खाली लाभक्षेत्रात जमीन मिळाली, ती कालव्याच्या शेवटाला. तिथं पाळी पोचेपर्यंत पीक माना टाकायचं. आमची फुगवट्याच्या वर राहिलेली साडेतीन एकर मुरमाड, तिला पाइपलाइन करून पाणी आलं आणि आज तीच केळीची बाग आहे. एकाच घरातली दोन भावंडं. कष्टांत फरक नव्हता. जिल्ह्यात उसाचं जे काही टनेज वाढलं, त्याच्या हिशेबात ज्यांची गावं पाण्याखाली गेली त्यांचा वाटा कुणीच धरत नाही, याचं मला मनापासून दुःख आहे.

खुरपं

मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत आईबरोबर टोळीत जाते. इथं मालक, वाटेकरी, व्यापारी, गिऱ्हाईक सगळ्यांचा वाटा मोजला. खुरपणाऱ्या बायकांचा कुठं आहे?

आमच्या अनुभवाप्रमाणं प्रत्येक वाढ सारखी नसते. कांदा वाढला तेव्हा आमचं काम वाढलं. लागण, काढणी, काटणी, सगळं हातानं. लागण आम्ही एकरावर उक्ती घेतो आणि चार पैसे जास्त पडतात. डाळिंब, द्राक्षं वाढली तेव्हाही तेच, विरळणी आणि छाटणीला माणसं लागतात. पण उसात तणनाशक आलं आणि खुरपणीचे दिवस गेले. एकराचं उत्पादन वाढलं असेल, आमचे रोज घटले. ठिबकमध्येही दोन ओळींमधली जागा कोरडी राहते, तण कमी उगवतं. वाढ हात मागत असेल तर मजुराला वाटा मिळतो. हात वाचवत असेल तर नाही. आणि जिथं हात लागतात तिथंही त्याच वावरात पुरुषाचा रोज वेगळा, बाईचा वेगळा.

सीनाकाठ दादा, तात्यांच्या घरच्या काकू शेतात येतात ना? बोलीत त्यांचं नाव आहे का?

सीनाकाठ

ताई, तुमचा प्रश्न वाचून मी तात्यांच्या घरी फोन केला. काकू बेणं लावण्यापासून पाचट ओढण्यापर्यंत रोज शेतात असतात. बोलीत त्यांचं नाव नाही. ११ वर्षांत मला हे विचारावंसंही वाटलं नाही.

माळशिरसकर

खुरपं ताईंचा मुद्दा मान्य. आता उसाचा आणखी एक वाटेकरी राहिला, कारखाना. २०२५-२६ च्या हंगामाला एफआरपी, म्हणजे केंद्रानं ठरवलेली उसाची किमान किंमत, १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) क्विंटलमागं ३५५ रुपये ठरली. पण उतारा कुणाचा? संपूर्ण कारखान्याचा सरासरी. माझ्या उसात साखर जास्त असली तरी मला पैसे सरासरीचेच, आणि वजनावर. मग शेतकरी काय बघणार? टनेज. म्हणून २६५ ही जादा टनेजची जात लावायला गर्दी, आणि त्यात साखर उशिरा भरते म्हणून काही कारखाने नोंद घ्यायला नाखूश. साखर वाढवायचं कुणाच्याच फायद्याचं नसेल तर ती वाढणार कशी? अर्थवेध म्हणतात तसं, वाटणी बिघडली की वाढही वाकड्या वाटेनं जाते. मी आधी थोडा तावातावानं बोललो होतो. कारखान्याच्या जागी मी आणि माझ्या जागी तात्या ठेवले, तर गणित तेच निघतं.

रंगराजन समितीनं २०१२ मध्ये साखर आणि उपपदार्थांच्या उत्पन्नातले ७० टक्के उसाला द्यावेत असं सुचवलं. आपल्या राज्यात ७०:३० चं सूत्र कागदावर आहे. मूळ किंमत आधी द्यायची, मग वरच्या उत्पन्नात वाटा. हीच पद्धत वाटेकऱ्याला लावून बघा.

सीनाकाठ

रविवारी शेतावर जाऊन आलो. सगळं छापून नेलं होतं, तात्यांना वाचून दाखवलं. नान्नजचं वाचताना ते हसले. त्यांनी सोनाकाच्या बागेत तरुणपणी छाटणी केलीय.

मी मांडलेली बोली अशी: एकूण पैशातून आधी ठिबकचे साडेअकरा हजार बाजूला. नळ्या बदलायच्या वर्षी ते त्यातूनच. उरलेल्याचे सरळ दोन वाटे, खतही पुन्हा निम्मं-निम्मं. दुष्काळात पीक गेलं तर त्या वर्षाचे साडेअकरा हजार माझ्या माथ्यावर. आणि तात्यांच्या वाट्यातली निम्मी रक्कम काकूंच्या खात्यावर, अर्थात दोघांची हरकत नसेल तर. काकू म्हणाल्या, "पासबुक हाय माझ्याकडं."

तात्या बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "दादा, वाटा निम्मा द्या नायतर तिसरा ऱ्हाऊ द्या. पर आडसाली लावायची म्हंजी दीड वरीस, त्याच्यावर दोन खोडवं. पाडव्याला उठवलं तर मी लावलेल्या उसाचं खोडवं दुसराच खाणार. मला दोन खोडवं निघंपर्यंत हलवू नका."

खोडवं म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा वाढणारं पीक. बोली पाडवा ते पाडवा आणि पीक तीन-चार वर्षांचं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी निम्मा वाटाही कबूल केला आणि दोन खोडव्यांचा शब्दही दिला. कागदाचं भावाशी बोलतोय. कूळ कायद्याची भीती त्यालाही आहे, म्हणून आधी वकिलाला विचारू. तोवर तात्यांच्या वहीत दोघांनी सही केलीय, काकूंनी अंगठा नको म्हणून नाव लिहिलं. तात्यांनी लगेच पश्चिमेच्या तुकड्यात शेणखताच्या चार ट्रॉल्या टाकायचं काढलंय. गेली तीन वर्षं ते मी सांगूनही टाकत नव्हते.

खुरपं

काकूंना नमस्कार सांगा. लागणीला टोळी लागली तर कळवा, आमचं गाव नदीच्या पलीकडंच आहे.